अर्थिंगकाका

मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद. या दोन महिन्यांत वेसाव्याच्या खाडीत बोटी शाकारून ठेवलेल्या असतात. जाळी शिवायची, फळ्यांच्या फटी भरायच्या, इंजिन खोलायचं आणि लाइटचं काम उरकून घ्यायचं, असा हा मोसम. लाइटच्या कामाला दोन प्रकारचे वायरमन मिळतात. एक यारी रोडचा पोरगा. तो दातांनी वायर सोलतो, पीळ देतो, काळी टेप गुंडाळतो, बटण दाबतो, लाइट लागली की पैसे घेऊन पसार होतो. दुसरे अर्थिंगकाका. लाइट लागली की ते काळजीत पडतात.

काका बीएसईएसमधून निवृत्त झालेले. नंतर कंपनीची रिलायन्स झाली, २०१८ मध्ये अदानी झाली, पण काकांचं वाक्य अजून ‘आम्ही बीएसईएसमध्ये असताना’ असंच सुरू होतं. त्यांचा जगाला एकच प्रश्न : ‘गेला ते दिसलं, परत कुठून येणार?’ हा प्रश्न ते करंटविषयी विचारतात, उसने पैसे मागणाऱ्या भाच्याला विचारतात आणि लग्नाच्या मांडवात नवरा-नवरीला शुभेच्छा देण्याआधी जनरेटरवाल्याला विचारतात. अक्षता त्यांच्या मुठीतच राहतात.

घरचं अर्थिंग म्हणजे खड्डा खणायचा, तांब्याची प्लेट पुरायची, भोवती कोळसा आणि मीठ घालायचं. मिठानं माती ओलसर राहते, करंटला जमिनीत उतरायला सोपं जातं. हे ऐकून एका नाखवानं बिनतोड सवाल टाकला, ‘काका, माझी बोट मिठाच्या पाण्यातच उभी. खड्डा कशाला पाहिजे?’ काका इतके खूश झाले की त्याला चहा पाजला आणि चहाबरोबर तासभर व्याख्यान. पाण्यात उतरायला दरवाजा एकच पाहिजे नाखवा, एकच! प्रत्येक दिव्याची, पंपाची, फिश फाइंडरची निगेटिव्ह वायर आपापल्या पायांनी चालत एका पट्टीवर यायची. ती पट्टी एकाच जागी इंजिनाला जोडायची आणि तिथूनच खालच्या प्लेटला. दोन-चार दरवाजे ठेवलेस, तर करंट एकातून उतरतो, पाण्यात फिरून दुसऱ्यातून वर येतो आणि जाता-जाता तुझ्या पंख्याचं पितळ खातो. नाखवानं सवयीनं वर छताकडे पाहिलं. काका म्हणाले, ‘तो नव्हे रे, बोटीचा.’

बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, असं पोरं सांगतात. काकांना ते मान्य आहे. बारा व्होल्ट माणसाला सोडून देतात आणि बोट जाळतात. म्हणून फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज मशीन वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. केबिनमध्ये नेऊन बसवला तर मधली सगळी वायर देवाच्या भरवशावर. आणि वायर कल्हईची घ्यायची, म्हणजे आतल्या प्रत्येक तारेवर कथिलाचा मुलामा असलेली. घरातली उघड्या तांब्याची वायर खाऱ्या हवेत आतून हिरवी-काळी पडते. वर टेप चकचकीत, आत राख. डब्यात शिरण्याआधी वायरला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळावरून टपकतं, डब्यात जात नाही. इन्व्हर्टर लावून २३० व्होल्टचा हॅलोजन ओल्या डेकवर पेटवायचा असेल, तर ३० मिलिअँपिअर करंट गळला की तुटणारी आरसीसीबी आधी. ती नसेल तर काका पायऱ्या उतरून घरी जातात. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या हट्टांतला हा एक हट्ट कुणी मोडू नये.

बोटीच्या तळाला ठोकायच्या झिंकचा, म्हणजे जस्ताच्या ठोकळ्याचा, विषय निघाला की काका थेट इंग्लंडात जातात. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीनं आरमाराच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त आणि लोखंड जोडलं. जस्त झिजलं, तांबं वाचलं. पण झिजणाऱ्या तांब्याच्या विषानं मरणारी शेवाळं-शिंपले आता मजेत पत्र्याला चिकटले, जहाजं मंदावली आणि आरमारानं ते सगळं काढून टाकलं. गोष्ट सांगून झाली की काका हात जोडतात, ‘बिचाऱ्यानं बरोबर केलं, तरी शिव्या खाल्ल्या. आपलंही तेच.’ त्यांच्या नशिबी शिंपले नाहीत, खलाशी आहेत. नारळी पौर्णिमेच्या आधी बोटीला रंग चढतो आणि रंगाच्या भरात पोरं खालच्या झिंकवरही दोन हात मारतात. रंगलेलं झिंक म्हणजे शोभेचा दगड. काका ब्रश हिसकावतात आणि सँडपेपर घेऊन बोटीखाली चिखलात बसतात. मग नाखवा म्हणतो, एकाऐवजी चार ठोका ना, जास्त टिकेल. काका चिखलातूनच ओरडतात, लाकडाची बोट आहे, जास्त झिंकनं पितळी फिटिंगभोवतीचं लाकूड सडतं!

गेल्या मोसमात एका तांडेलाची तक्रार होती, होकायंत्र उत्तर सोडून भलतीकडेच बघतं. काकांनी केबिन पाहिली. होकायंत्राला खेटून कोळीगीतांचा दणदणीत स्पीकर. स्पीकरच्या मागचा लोहचुंबक पृथ्वीपेक्षा जवळचा, त्यामुळे काटा गाण्याकडे वळलेला. स्पीकर हलवला, होकायंत्राजवळच्या दिव्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन नेल्या, म्हणजे त्यांचा चुंबकपणा एकमेकींतच मिटला. तांडेलाला उत्तर मिळाली, पण गाण्याचा बास गेला म्हणून तो अजून काकांशी धड बोलत नाही.

काकांचं बिल जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर असतं. केबल, लग, फ्यूज, झिंक, मजुरी. आणि अगदी तळाशी, ‘न बसलेले शॉक : ५०० रुपये.’

यंदा नाखवानं ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली.

‘काका, हे काय?’

‘बसले असते तर वाचायला तू नसतास.’

नाखवानं मान डोलावली, बाकीचे पैसे मोजून दिले आणि पेन मागून घेतलं. त्या ओळीपुढे लिहिलं, ‘न दिलेले : ५०० रुपये.’ मग सुक्या बोंबलांची पिशवी काकांच्या हातात ठेवली. काका बराच वेळ कागद न्याहाळत राहिले.

‘जमा-खर्च जुळतो,’ ते म्हणाले. ‘पण बोंबील कुठल्या खात्यात?’