मौनं सौदासाधनम्

साताऱ्यात कायद्याच्या पहिल्या वर्षाला करार कायदा असतो आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास नातेवाइकांना होतो.

कायदा तसा आपला, १८७२ चा. पण घडण इंग्रजी, त्यामुळे निम्मे खटले तिकडचे. कार्बोलिकच्या औषधी गोळ्याचा धूर ओढूनही इन्फ्लुएंझा झाला म्हणून कंपनीकडून शंभर पौंड वसूल करणारी कार्लिलबाई (१८९३). बायकोला दरमहा तीस पौंड पाठवतो म्हणून सिलोनला गेलेला आणि पुढे कोर्टात तिच्याविरुद्ध जिंकलेला बाल्फोर (१९१९). या मंडळींना मी घरी घेऊन आलो. आईनं ‘गहू दळून आण’ म्हटलं की मी विचारायचो, ‘मोबदला काय?’ एकदा बाल्फोरच्या आधारानं तिला ऐकवलं, की घरातल्या बोलण्यात कायदेशीर बंधनाचा हेतू नसतो. त्या रात्री माझ्या जेवणाबाबत तिनंही तो हेतू धरला नाही.

माझा लाडका खटला मात्र १८६२ चा, फेल्टहाउस विरुद्ध बिंडली. चुलत्या-पुतण्यांमधला घोड्याचा व्यवहार. (आपल्याकडे चुलता-पुतण्या म्हटलं की थेट शनिवारवाडा आठवतो, हे दोघं भांडलेसुद्धा नाहीत.) किंमत तीस पौंड की तीस गिनी, यात घोळ झाला. चुलत्यानं फरक निम्मा केला, तीस पौंड पंधरा शिलिंग भाव लावला आणि कळवलं, की तुझं उत्तर आलं नाही तर घोडा माझा समजतो. पुतण्यानं उत्तर दिलं नाही. पुढे लिलाववाल्या बिंडलीनं तो घोडा चुकून तिसऱ्यालाच विकला. चुलता कोर्टात गेला आणि हरला, कारण गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे! ‘मुलगी काही बोलली नाही, म्हणजे पसंत आहे’ एवढ्यावर जिथं साखरपुडे उरकतात, त्या मुलखात वाढलेला मी. हे तत्त्व मला अक्षरशः चढलं.

सांगलीचे मामा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. माझी फी तेच भरत. एके दिवशी त्यांचा फोन आला, ‘पुसेगावला खोंड बघायला जायचंय, येतोस का?’ मी ‘येतो’ म्हटलं. खामगाव-अहमदाबादच्या सरकी पेंडीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९६५ साली सांगून ठेवलंय, की फोनवरचा करार होकार जिथं ऐकू येतो तिथं पुरा होतो. म्हणजे आमचा करार साताऱ्यात नव्हे, सांगलीत झाला. हे मी मामांना सविस्तर समजावलं. ‘बरं. पण ये,’ मामा म्हणाले.

सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिलार जनावरांच्या रांगा लागलेल्या. एका हेड्याशी मामांचा व्यवहार रुमालाखाली सुरू झाला. वर रुमाल, खाली हातात हात. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. हजार की शेकडा एवढंच तोंडानं बोलायचं, बाकी अवाक्षर नाही. शेजारी उभ्या माणसाला भावाचा पत्ता लागत नाही. मामा तीसवर दोन हजारांपर्यंत आले होते. मधेच त्यांना खोंडाचे दात पुन्हा बघायची हुक्की आली आणि रुमालाखालचा हात माझ्याकडे सोपवून ते वाकले. ‘नुसता थांब,’ म्हणाले.

नुसतं थांबायचं म्हणून मी तो हात नीट धरला. अख्खा पंजा.

‘दिला!’ हेडी ओरडला. मामांनी वर बघेपर्यंत खोंडाच्या कपाळावर गुलाल पडला होता.

मी पुढं सरसावून फेल्टहाउस काढला. ‘मी एक शब्द तरी बोललोय का? गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. अठराशे बासष्ट!’

हेडी जराही तापला नाही. ‘पावनं,’ तो म्हणाला, ‘बोलून इकायचं आस्तं, तर रुमाल कशाला आनला आस्ता?’

त्याचं म्हणणं बिनचूक होतं. करार कायद्याचं कलम ९ तेच सांगतं: होकार शब्दांवाचूनही देता येतो, वागणुकीतून. फेल्टहाउसच्या घोड्यावरून मी उतरलोच नव्हतो, त्यामुळे ते कलम वाचायचं राहिलं होतं. भोवती गर्दी जमली. ‘पोरगं काय करतंय?’ एका म्हाताऱ्यानं विचारलं. ‘वकिलीला हाय,’ मामा म्हणाले आणि त्यांनी खिशातनं इसार काढून मोजला. भाच्याचा हात तो माझाच हात, एवढंच ते हेड्याला बोलले. मुखत्यारीचं हे प्रकरण आम्हाला अजून शिकवायचं होतं. मामांना ते कॉलेजात न जाता येत होतं.

परतीच्या एसटीत त्यांनी जादाचे तीन हजार माझ्या फीतून वळते केल्याचं जाहीर केलं. मी म्हणालो, ‘फी भरायचं तुम्ही वचन दिलंय.’ मामांनी विचारलं, ‘कागद कुठाय?’

कलम २५ मी त्या रात्री वाचलं. बिनमोबदल्याचं वचन फुकट. जवळच्या नात्यातल्या मायेपोटी दिलेलं असेल तर ते लेखी हवं आणि नोंदवलेलं हवं. तेव्हा मामाच्या भरवशावर वकिलीला बसलेल्या तमाम भाच्यांना माझी विनंती आहे, की प्रवेश घेण्याआधी मामाला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत घेऊन जा. आणि जातानाचं तिकीट तुम्ही काढा.