निडीचे अण्णा बुर्सात

प्रत्येक सहलीत एक तरी 'आमच्याकडे' असतो. इस्तंबूलला गेलेल्या आमच्या ग्रुपात ते निडीचे अण्णा होते. निडी म्हणजे नागोठणे आणि रोह्याच्या मधलं स्टेशन. एक्स्प्रेस जिथून शिट्टी मारून निघून जाते ते. अण्णांनी मात्र जगातली एकही गोष्ट निडीला थांबवल्याशिवाय पुढे जाऊ दिली नाही.

एका दिवसात बुर्सा दाखवायचं होतं. ओरहाननं 1326 साली जिंकलेली, ऑटोमनांची जुनी राजधानी. उलू जामी या मोठ्या मशिदीत गाइडनं आख्यायिका सांगितली : सुलतान बायझीद बोलला होता, लढाई जिंकलो तर वीस मशिदी बांधीन. जिंकला, आणि 1399 पर्यंत बांधून झाली ती एकच, पण वीस घुमटांची! सगळे माना वर करून घुमट मोजायला लागले.

"ही पळवाट झाली," अण्णा म्हणाले. "आमच्या रोह्याच्या धावीर महाराजांना एकवीस नारळ बोलायचे आणि ठेवायचा एकच, एकवीस शेंड्यांचा? चालेल का, विचार त्याला."

बिचारा टूर मॅनेजर इंग्रजीत सांगायला गेला आणि शेंडीपाशी अडकला. शेवटी त्यानं स्वतःच्या डोक्यावरचे केस धरून दाखवले. गाइडनं आदरानं मान हलवली.

पुढे हिरवी कबर. नाव हिरवं, बाहेरच्या फरशा निळ्याकडे झुकलेल्या. अण्णा खूश. "कागदावर एक, साइटवर दुसरंच. कॉन्ट्रॅक्टर आपल्याकडचा दिसतोय."

जेवणात इस्केंदर कबाबवर वाढप्यानं कढत लोणी सोडलं, तेव्हा "माणसं आपलीच हो" असा दाखला मिळाला. कोझा हान ही 1491 सालची रेशमाची सराय. तिच्या अंगणात कमरेत बारीक पेल्यातला चहा हा अर्थातच 'कटिंग'. काकूंनी स्कार्फ घेतला, आणि अण्णांनी गाइडला डोळा मारून विचारलं, "तुझे किती?" या प्रश्नाला भाषांतर लागलं नाही. गाइड लाजला.

परतताना अंधार पडला होता. इझमितच्या आखातावरचा ओस्मानगाझी पूल आला. मधला गाळाच 1550 मीटरचा. काम सुरू 2013, वाहतूक सुरू 2016, असं गाइड म्हणाला.

आम्ही सगळे अण्णांकडे वळलो.

"आमच्याकडे..." अण्णा म्हणाले, आणि कानटोपी खाली ओढून खिडकीकडे तोंड करून बसले. इस्तंबूल येईपर्यंत बोलले नाहीत.

निडीच्या माणसाला मुंबई गाठायची तर गोवा हायवे. त्यातल्या पळस्पे-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं.