व्हिलन पास, लॉट पास

कोरियन मालिका लावली की चार्जमन काका आधी व्हिलन शोधतात. नायिका पावसात भिजत असो, नायक तिच्यावर छत्री धरून उभा असो, काकांची नजर मागच्या काळ्या गाडीत कोण बसलंय यावर. तो सापडला की खुर्ची पुढे सरकते. दोन भागांत सापडला नाही तर निकाल लागतो, "लॉट रिजेक्ट." मग काकू एकट्या रडत बसल्या तरी काका टाकीत पाणी किती चढलं ते पाहायला गच्चीवर जातात.

जवाहरनगर म्हणजे नागपूरहून भंडाऱ्याला जाताना हायवेला लागून असलेली ऑर्डनन्स फॅक्टरीची वसाहत. शेजारच्या ठाणा गावाला इथे सगळे 'पेट्रोलपंप' म्हणतात आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाही. वसाहतीत संध्याकाळी निवृत्त माणसांचे जथे फिरायला निघतात. कोणी चार्जमन, कोणी फोरमन, कोणी स्टोअरमधला. पूर्वी बोलण्यात महागाई भत्ता आणि गुडघे असायचे. आता त्यातल्या काहींना सोलच्या गल्ल्या भंडाऱ्याच्या गल्ल्यांपेक्षा जास्त माहीत झाल्या आहेत. मी ज्यांना चार्जमन काका म्हणतो ते त्यांच्यातले एक आहेत, आणि थोडे थोडे सगळेच आहेत.

लागण नातीमुळे झाली. कोरोनाच्या काळात ती पुण्याहून लॅपटॉप घेऊन आली आणि तिने 'क्रॅश लँडिंग ऑन यू' लावली. दक्षिण कोरियाची श्रीमंत पोरगी पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि थेट उत्तर कोरियात पडते. काकू पहिल्याच भागात ह्युन बिनच्या गणवेशावर खूश झाल्या. काका मात्र सीमेवरच्या बंदोबस्तावर नाराज होते. संरक्षण खात्यात उभी हयात गेलेला माणूस. "बॉर्डरवर एवढं झाड वाढू देते का कोणी? एरिया साफ पाह्यजे." पण मग चो चोल-गांग आला. सुरक्षा खात्यातला तो थंड डोळ्यांचा अधिकारी, नको असलेल्या माणसांना ट्रकखाली घालणारा. काका सावरून बसले. "हा माणूस कामाचा आहे," म्हणाले.

ट्रकांशी मात्र त्यांचं अजून जमलेलं नाही. कोरियन मालिकेत कुणाला काही महत्त्वाचं आठवलं, किंवा कुणी कुणाला खरं सांगायला निघालं, की चौकात बाजूने ट्रक येतो. काकांचं आयुष्य मुंबई-कोलकाता हायवेच्या कडेला गेलं. त्याचा नंबर आधी ६ होता, आता ५३ झाला, ट्रक तेच. "हॉर्न न वाजवता गेलेला ट्रक मी अजून पाह्यला नाही," ते म्हणतात. "आणि याच्या मांगं काही लिहिलेलं नाही, समोर निंबू-मिरची नाही, क्लीनर नाही. माल तरी काय भरला आहे? बिल्टी कुठं आहे?" नायक रक्तात पडलेला, काकू पदराने डोळे पुसताहेत, आणि काका बिल्टी शोधताहेत.

ट्रक एक वेळ परवडला, लायटर नाही. गोदामात पेट्रोल ओतायचं आणि व्हिलनने हसत लायटर पेटवायचा, हे दृश्य आलं की काका बसल्या जागी शहारतात. ज्या कारखान्याच्या गेटवर काडीपेटी, बिडी खिशात निघाली तर नोकरीवर येई, तिथे त्यांनी पस्तीस वर्षं झडती दिली. "लायटर आत आलाच कसा? गेटवर कोण होता ड्युटीले?" त्यांचा खरा व्हिलन त्या क्षणी बदलतो. लायटरवाला राहतो बाजूला, तो पडद्यावर न दिसलेला दरवान आरोपी होतो. २४ जानेवारी २०२५ ला कारखान्यात स्फोट झाला, माणसं गेली. तेव्हापासून मालिकेत स्फोट आला की काका काही न बोलता रिमोट घेतात आणि पुढे ढकलतात. त्याला शेरा नाही, निकाल नाही. काकूही विचारत नाहीत.

बाकी सगळ्याला शेरा आहे. त्यात सर्वांत कडक शेरा वेगावर. सोळा भाग, आठवड्याला दोन, हा कोरियन हिशोब काकांना पटतो. कामाचा आराखडा आधी, मग उत्पादन. पण तेराव्या-चौदाव्या भागात गाडी घसरते. इतकी संकटं झेलून एकत्र आलेली दोघं 'तुझ्या भल्यासाठी' म्हणून वेगळी होतात, पाचव्या भागातलं बर्फातलं दृश्य पियानोसकट पुन्हा दाखवलं जातं, आणि मग पाटी येते, एक वर्षानंतर. "हा रिवर्क आहे," काका म्हणतात. "माल संपला, शिफ्ट बाकी आहे, म्हणून जुनंच घासून राह्यले."

मग ते प्रोपेलंट समजावतात. आधी बजावतात की हे पुस्तकात छापलेलं आहे, गुपित नाही. तोफेच्या गोळ्यामागचा मसाला एकदम भडकला तर नळीच फुटते. म्हणून त्याच्या दाण्याला भोकं ठेवतात, सात भोकं. दाणा बाहेरून जळत लहान होतो, पण भोकं आतून जळत मोठी होतात, त्यामुळे जळणारा पृष्ठभाग वाढत जातो आणि गोळा पुढे सरकेल तसा मागून रेटा मिळत राहतो. "मालिका अशी पाह्यजे. आणि ते भोक म्हणजे व्हिलन. आतून जळत गेला पाह्यजे." मी बरीच समीक्षा वाचली आहे, पण गतीबद्दल इतकं नेमकं कोणी सांगितलेलं आठवत नाही.

या मापाने 'द ग्लोरी' अव्वल. शाळेत छळ झालेली मुलगी, सोंग हे-क्योने केलेली, मोठी होऊन हिशोब चुकता करायला येते. त्यासाठी आधी पटावरचा 'गो' खेळ शिकते, कारण शत्रूच्या नवऱ्याला तो आवडतो. काकांना ही पूर्वतयारी इतकी भावली की त्यांनी नातवाला दहावीच्या अभ्यासावरून बोलताना तिचं उदाहरण दिलं. आणि व्हिलन कोण, तर टीव्हीवर हवामान सांगणारी पार्क योन-जिन. आवाज चढवत नाही, नीटनेटकी राहते, आणि शाळेत असताना केसांच्या तापलेल्या इस्त्रीने दुसरीचं अंग भाजलेलं. "ओरडणारा व्हिलन सस्ता असते," काकांचं म्हणणं. "हिचं पहा, हसून राह्यली, अन् आपल्या पोटात गोळा." शेवटी तुरुंगात इतर कैदी तिला हवामानाचा अंदाज सांगायला लावतात, तेव्हा काकांनी टाळी वाजवली होती. धानाच्या मुलखातला माणूस. हवामान चुकीचं सांगणाऱ्याला शिक्षा झालेली त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिली.

'द पेंटहाऊस' मात्र रिजेक्ट. शंभर मजली इमारत, प्रत्येक मजल्यावर एक पापी, आणि मेलेली माणसं परत येतात. पहिल्या पर्वात खून झालेली शिम सू-र्योन दुसऱ्या पर्वात जिवंत उभी राहिली तेव्हा काका संतापले. "इथं आम्ही जिवंत असून दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो. अंगठा उमटला नाही तर पेन्शन बंद. अन् ही बाई पुरून आली, हिले कोणी दाखला मांगत नाही!" तिच्या मागे फॅमिली पेन्शन सुरू झाली असेल तर ती वसूल कोणाकडून करणार, यावर संध्याकाळच्या फेरीत बरीच चर्चा झाली. एका माजी लेखा कारकुनाने नियमही सांगितला. तिन्ही पर्वांचे मिळून ४८ भाग. रिजेक्ट केलेला माल काकांनी शेवटच्या दाण्यापर्यंत तपासला, ही गोष्ट काकू अधूनमधून काढतात.

काकांची ही नजर कारखान्यातली वाटते, पण ती त्याहून जुनी आहे. ते मूळचे लाखांदूरकडचे. धान कापून झाला, दिवाळी सरली, की गावोगावी मंडई भरायची आणि रात्री नाटक. वडशाहून नाटक मंडळी यायची, पडदा उघडायचा तो पहाटेपर्यंत. आमच्या या झाडीपट्टी भागात नाटक पाहायला गप्प बसायचं नसतं. व्हिलनने म्हाताऱ्या बापाचा अंगठा घेतला की बायांच्या बाजूने शिव्या सुरू; "तोंडाले आग लागो तुह्या!" नटाला ते बक्षीसच. निळू फुल्यांना पाहून बायाबापड्या खरोखर घाबरायच्या असं सांगतात; आमच्याकडे तसा एक एक निळू फुले प्रत्येक मंडळीत असायचा. काका लहानपणी पाहिलेल्या एका नटाबद्दल सांगतात की त्याला सकाळी गावात कोणी चहा द्यायला तयार नव्हतं. काकांच्या लेखी नटाची याहून मोठी पदवी नाही. 'क्वीन ऑफ टीअर्स'मधला युन उन-सोंग पाहिल्यावर ते म्हणालेच, "याले आपल्याकडं कोणी चहा पाजला नसता." तो पार्क सोंग-हून 'द ग्लोरी'तही वाईटच होता, हे लक्षात आल्यावर त्यांचा आदर दुप्पट झाला. "लागोपाठ दोन लॉट पास!"

मराठी मालिकांवर त्यांनी प्रेम केलं नाही असं नाही. 'माझ्या नवऱ्याची बायको' लागली तेव्हा राधिका नागपूरची म्हणून अख्खी वसाहत आठच्या आत जेवून बसायची. पण शनायाचं काम करणारी नटी मध्येच बदलली, मग पुन्हा पहिली आली. "मशीनवर ऑपरेटर असा बदलत नाहीत," काका म्हणाले आणि मन काढून घेतलं. 'चार दिवस सासूचे' तीन हजारांवर भाग चालली, त्याबद्दल ते फक्त हात जोडतात.

वसाहतीला त्यांच्या ज्ञानाचा उपयोग झाला नाही असंही नाही. १७ सप्टेंबर २०२१ ला 'स्क्विड गेम' आली आणि दोनच आठवड्यांनी, १ ऑक्टोबरला, ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड जाऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. भंडाऱ्याचा कारखाना म्युनिशन्स इंडियाकडे गेला. कंपनी झाली म्हणजे नेमकं काय होणार, या चिंतेत सगळे. काकांनी चौकात खुलासा केला. "कंपनीले एक चेअरमन असते. तो व्हीलचेअरवर बसते. त्याले दोन लेकं, एक चांगला, दुसरा बायकोचा नाही. मंग एक दिवस चेअरमन बेशुद्ध पडते अन् त्याच्या उशाशी बसणारी बाई सगळे शेअर नावावर करते." लोक घाबरले. युनियनवाल्याने पुढच्या सभेत, आपली कंपनी तशी नाही, असं स्पष्ट केल्याचं ऐकलं.

'स्क्विड गेम'चा त्यांनी हिशोबही केला. बक्षीस ४,५६० कोटी वॉन, ऐकायला प्रचंड. एका वॉनचे साधारण सहा पैसे धरले तर पावणेतीनशे कोटी रुपयांच्या आत. ४५६ खेळाडूंत वाटले तर माणशी साठ लाख. "म्हणजे आपल्या ग्रॅच्युइटी-फंडाच्या आसपासच," काका म्हणाले. "अन् आपल्याले कोणी गोळी नाही घातली." सासू नायिकेसमोर पाकीट सरकवते आणि माझ्या मुलाला सोड म्हणते, तेव्हाही ते आधी वॉनचे रुपये करतात. नायिका पाकीट परत करते. काका दरवेळी हळहळतात.

या सगळ्यात एकच त्रास आहे, आणि तो वसाहतीला आहे. पस्तीस वर्षांत या माणसाने कारखान्यात आपण काय करतो ते बायकोला सांगितलं नाही. कोणती इमारत, कोणता माल, किती, चकार शब्द नाही. काकूंना नवरा 'सेक्शनला' जातो एवढंच माहीत. निवृत्तीबरोबर ती सगळी साठवलेली बोलण्याची भूक सुटली आणि तिला कोरिया सापडला. 'स्क्विड गेम'मधला तो गोड म्हातारा खरा कोण, हे त्यांनी दूधवाल्याला सांगितलं. 'क्वीन ऑफ टीअर्स'च्या नायिकेचं ऑपरेशननंतर काय होतं, हे बँकेत रांगेत सांगितलं. 'क्रॅश लँडिंग'चे नायक-नायिका ३१ मार्च २०२२ ला खरोखर लग्नाच्या बेडीत अडकले ही बातमी त्यांनी मालिका अर्धीच पाहिलेल्या शेजारणीला दिली आणि वर म्हणाले, "म्हणजे दोघंही वाचतात, समजून घे."

काकू एकदा वैतागून म्हणाल्या, "तुम्ही व्हिलनले पाहून राह्यले का त्याच्याकडून शिकून राह्यले जी?" काकांनी विचार केला. म्हणाले, व्हिलन निदान शेवटच्या भागापर्यंत गुपित ठेवतो.

सध्या त्यांनी जुना माल काढला आहे. 'ज्वेल इन द पॅलेस', २००३ सालची, राजवाड्याच्या मुदपाकखान्यातली गोष्ट, ५४ भाग. त्यातली ती चोई बाई, राजाच्या स्वयंपाकघरात राहून विष कालवणारी, त्यांच्या मते आजवरचा सर्वोत्तम नमुना आहे. जवाहरनगर, ठाणा, शहापूर या भागात ज्यांना ही मालिका पाहायची असेल त्यांनी आजच सुरू करावी आणि झपाट्याने पाहावी. काका एकोणतिसाव्या भागावर आहेत आणि रोज संध्याकाळी फिरायला निघतात.