अण्णांचा एकच भाव

प्रत्येक तालुक्याच्या गावात सायकलचं एक तरी दुकान असं असतं, की ज्याच्या नावात 'न्यू' आहे आणि जुनं कुणी पाहिलेलं नाही. दुकानाच्या खांबावर 'एकच भाव' अशी पाटी असते. पाटी खोटी नसते. माणशी एकच भाव, एवढंच तिचं म्हणणं असतं. गुरुजींना एक, कापूस विकून आलेल्या पाटलांना एक, आणि फोन नाचवत येणाऱ्या कॉलेजच्या पोराला एक. हे भाव ठरवणारा गल्ल्यावरचा गृहस्थ म्हणजे अण्णा. त्यांचं खरं नाव बिलबुकावर छापलेलं असतं. पण बिल मागणारेच कमी, त्यामुळे ते गावात फारसं कुणाला ठाऊक नसतं.

मी मराठवाड्यातल्या ज्या अण्णांना ओळखतो, ते गिऱ्हाईक पायरी चढताना दोनच गोष्टी बघतात : लेकराची उंची आणि बापाची चप्पल. उंचीवरून सायकल वीस इंची, चोवीस की सव्वीस ते ठरतं, चपलेवरून बाकीचं. अर्थात उंचीचा काही उपयोग होत नाही. लेकरू चोवीस इंचीत फिट्ट बसत असलं तरी बाप म्हणतो, "वाढतं अंग आहे अण्णा, सव्वीसच द्या." मग ते पोर पुढची दोन वर्षं सीटवर न टेकता, दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शाळेत जातं, आणि सीटपर्यंत पोचेतो सायकल खिळखिळी होते. अण्णा एकदाच सांगतात, "चोवीस बसंल बरं का." दुसऱ्यांदा सांगत नाहीत. सव्वीसची किंमत जास्त असते.

दुकानाबाहेर फुटपाथवर एक सायकल कायम भिंतीला टेकवून ठेवलेली असते. तिच्या हँडलला खोक्याच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलेली किंमत : 4,500. ही किंमत वाचूनच गिऱ्हाईक आत येतं. सायकल भिंतीला का टेकवली आहे, हा प्रश्न त्याला पडत नाही. तिला स्टँड नाही, हे त्याचं उत्तर. कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, घंटीही नाही.

यानंतर जे होतं ते मी हवा भरायच्या निमित्ताने अनेकदा बघितलं आहे. बाप चार हजारांपासून सुरू करतो. अण्णा कपाळावर हात मारून घेतात. "घरात पडली नाही हो या भावात!" बाप पायरी उतरतो. अण्णा उतरू देतात. बाप शेजारच्या पानटपरीपर्यंत जाऊन परत येतो. मग चार हजार दोनशेवर येऊन सगळं थांबतं. "सकाळची भवानी आहे म्हणून देतो," अण्णा म्हणतात. तेव्हा दुपारचे साडेचार वाजलेले असतात. बापाच्या चेहऱ्यावर तीनशे रुपये वाचवल्याचं तेज असतं, बायकोला घरी जाऊन काय सांगायचं त्याची जुळवाजुळव मनात सुरू झालेली असते.

तेव्हा अण्णा अगदी सहज विचारतात, "स्टँड कोणतं टाकू?"

स्टँड 180. दप्तर ठेवायला कॅरिअर नको का? 250. पावसाळा तोंडावर आहे, पाठीवर चिखलाची रांगोळी निघेल, मडगार्डची जोडी 220. घंटी 60. शाळेसमोरून कुलूप नसलेली सायकल टिकते का? 120. पुढची बास्केट लेकराने आधीच मिठी मारून धरलेली असते, 220. आणि फिटिंग 250. बाप यातल्या एकाही आकड्यावर घासाघीस करत नाही. त्याची लढाई जिंकून झालेली असते. तीनशे सोडवून तेराशे देऊन, साडेपाच हजारांची सायकल घेऊन तो समाधानाने पायरी उतरतो. दुकानात आतल्या बाजूला, या सगळ्या सामानासकट, स्वतःच्या स्टँडवर उभी असलेली एक सायकल होती. किंमत 5,500. तिच्याकडे त्याने आल्या आल्या बघितलं होतं आणि 'आपल्या बजेटबाहेर' म्हणून मान फिरवली होती.

यावर अण्णांचं स्वतःचं एक शास्त्र आहे. ते म्हणतात, गिऱ्हाइकाला सायकल स्वस्त नको असते, कमी करून घेतलेली हवी असते. एकदा त्यांनी खरोखरच एक भाव लावून पाहिला होता, वाजवी, घासाघीस न करता. लोक ऐकायचे, थोडा वेळ उभे राहायचे, आणि काहीतरी चुकल्यासारखे निघून जायचे. कमी करायला जागाच नाही, म्हणजे माणूस लुच्चा असणार, असा गावाचा हिशेब.

फिटिंगच्या अडीचशेंवर मात्र मला अण्णांची बाजू घ्यावीशी वाटते. लुधियानाहून ट्रान्सपोर्टने येते ती सायकल नसतेच, सायकलीचं सामान असतं. कागदात गुंडाळलेल्या फ्रेमा, तारेने एकत्र बांधलेल्या रिमा, स्पोकचे जुडगे, पोत्यातून पेडलं. त्याची सायकल करतो तो मागे बसलेला मिस्त्री. तो चाकात एकेक तार ओवतो, चाक उलट्या फ्रेमला लावून फिरवतो, डोळा बारीक करून आउट काढतो. हे काम नीट झालं तर सायकल दहा वर्षं जाते आणि घाईत झालं तर दिवाळीपर्यंत चाक आठाच्या आकड्यासारखं फिरायला लागतं. सायकलीची अर्धी कंपनी पंजाबात असते आणि अर्धी मिस्त्रीच्या हातात. गिऱ्हाईक मात्र स्टिकर बघून पैसे देतं.

स्टिकर बघण्यात कॉलेजच्या पोरांचा हात कुणी धरू शकत नाही. त्यांना एकवीस गिअर हवे असतात, पुढे-मागे डिस्क ब्रेक हवा असतो, शॉकअप हवा असतो, जाड टायर हवा असतो, आणि हे सगळं आठ हजारांत हवं असतं. अण्णांकडे तशी सायकल असते. फ्लुरोसंट रंगाची, आडव्या इंग्रजी अक्षरांची. या किमतीतला शॉकअप म्हणजे पुढच्या चाकावर बांधलेलं दोन किलो लोखंड असतं. खड्डा आला की ते फक्त आवाज करतं. डिस्क तारेवर चालते आणि पावसात अशी किंचाळते की घंटीचे साठ रुपये वाचतात. गाव सपाट, कॉलेज दीड किलोमीटर आणि गिअर एकवीस. त्यांपैकी दोन वापरात येतात : एक दुकानात लावून दिलेला, आणि दुसरा, ज्यात चेन पडते. अण्णा हे सगळं जाणतात. कुणी विचारलं तर सांगतातही. पण कुणी विचारत नाही.

याच पोरांतला एखादा हुशार निघतो आणि सायकल ऑनलाइन मागवतो. अण्णांपेक्षा सातशे रुपयांनी स्वस्त. चार दिवसांनी तो रिक्षातून खोकं घेऊन दुकानासमोर उतरतो, आणि अण्णांना इतका आनंद नवं गिऱ्हाईक आल्यावरही होत नाही. "घरीच जोडायला घेतली होती का?" असं विचारत ते चष्मा पुसतात. पोरगा गप्प. मिस्त्री येऊन बघतो. चिमटा उलटा बसवलेला असतो, त्यामुळे पुढचं चाक फ्रेमला घासतं. डावं पेडल उजव्यासारखं पिळून पिळून घट्ट करायच्या नादात त्याचे आटे गेलेले असतात, कारण डाव्या पेडलाचा आटा उलटा असतो आणि हे खोक्यातल्या चिठ्ठीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तेही इंग्रजीत. नवा क्रँक, नवं पेडल, फिटिंग. अण्णा कॅल्क्युलेटर न काढता आकडा सांगतात. तो सातशेच्या पुढे किती जातो, ते पोराच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. वर अण्णा म्हणतात, "हवा फुकट भरून देतो." ही फुकटची हवा त्या पोराला जन्मभर लागते.

22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, तेव्हा गावातले सगळे गुरुजी दोन दिवसांत दुकानात येऊन गेले. गुरुजी हा अण्णांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड परिच्छेद. ते डायरी घेऊन येतात, तीन दुकानांचे भाव तारखेसह लिहिलेले असतात, घ्यायची एकच सायकल, तीही नातवाला, पुढच्या वर्षी. "पाच हजारांवर बारा टक्के सहाशे, पाच टक्के अडीचशे. साडेतीनशे कमी झाले पाहिजेत, अण्णा." अण्णा म्हणाले, "हा माल जुन्या कराचा आहे, गुरुजी." गुरुजी म्हणाले, "कर मालाला नसतो, विक्रीला असतो." अण्णांनी मान डोलावली. साडेतीनशे त्यांनी प्रामाणिकपणे कमी केले. फिटिंग त्या आठवड्यापासून साडेतीनशे झालं, आणि सीट कव्हर, जे पूर्वी 'आपल्याकडून' असायचं, ते साठ रुपयांना मिळू लागलं. गुरुजींच्या डायरीत फिटिंगचा रकाना नव्हता.

मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकलीसाठी पैसे मिळतात. ही रक्कम आधी साडेतीन हजार होती, 2022 पासून पाच हजार झाली. अण्णांकडची लेडीबर्ड पूर्वी साडेतीन हजारांना बसायची. (लेडीबर्ड हे एका कंपनीच्या सायकलीचं नाव, पण आमच्याकडे दांडी नसलेली कुठलीही सायकल लेडीबर्डच.) पुढे तीच सायकल बरोबर पाच हजारांना बसू लागली. शासन निर्णयाची इतकी तत्पर अंमलबजावणी मी तहसील कचेरीतसुद्धा पाहिलेली नाही. विचारलं तर अण्णा म्हणतात, "लोखंड वाढलं ना." तेही खोटं नव्हतं, पण लोखंड नेमकं पाच हजारांवर येऊन कसं थांबलं, ते लोखंडालाच ठाऊक. फक्त एक गोष्ट नोंदवायला हवी. या सायकलींवर स्टँड, कॅरिअर, बास्केट, कुलूप सगळं लावून मिळतं, आणि त्याचे वेगळे पैसे नसतात. मिस्त्रीने ब्रेक बांधले की अण्णा स्वतः गल्ल्यावरून उठतात, दोन्ही लिव्हर दाबून सायकल पुढे ढकलून बघतात, आणि चाक जरा जरी सरकलं तरी मिस्त्रीला परत बसवतात. "हिला रोज वाडीवरून यायचंय," एवढंच म्हणतात. हे ते पाटलांच्या पोराच्या आठ हजारांच्या सायकलीसाठी करत नाहीत.

आणि एक गिऱ्हाईक असं आहे, की ज्याच्यासमोर अण्णांचं दुकान मुकाट चालतं. तो दूधवाला. त्याला काळी, दांडीची, रॉडचे ब्रेक असलेली, अठ्ठावीस इंची सायकल हवी असते. तो पुठ्ठा वाचत नाही. मागच्या चाकाच्या तारा बोटाने छेडत जातो. पूर्वी या सायकलींना पुढे बत्तीस आणि मागे चाळीस तारा असायच्या, कारण ओझं मागे असतं. तो अजून मोजतो. पूर्वी तो अ‍ॅटलासच मागायचा. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी, नेमका जागतिक सायकल दिनालाच, बंद पडला, तेव्हापासून दोघांनीही ते नाव काढलेलं नाही. अण्णा एक आकडा सांगतात, दूधवाला पन्नास कमी सांगतो, अण्णा पंचवीस म्हणतात, संपलं. चहाही होत नाही. दुधाच्या कॅनचे हूक तो घरून घेऊन आलेला असतो.

पण अण्णांची खरी तब्येत खुलते ती सायकल परत आल्यावर. ती परत येतेच. पोरगं दहावी होतं, घरात मोटरसायकल येते आणि सायकल जिन्याखाली जाते. मग एका रविवारी तोच बाप ती ढकलत घेऊन येतो.

आता बाप एकेक वस्तू मोजून दाखवतो. "स्टँड बघा, कॅरिअर बघा, बास्केट बघा, टायर तर मागच्याच वर्षी टाकलाय." अण्णा सायकलभोवती एक चक्कर मारतात. चाक उचलून फिरवतात. "आउट आहे," म्हणतात. "छरे गेलेत. चेन तर बघू नका."

"बास्केटचे तरी धरा."

"ती तुम्ही हौसेनं लावलेली. हौसेचे पैसे कुठं येतात?"

बाप अठराशेवरून निघतो, अण्णा हजारावरून. बाप पायरी उतरतो, पण सायकल हातात असल्यामुळे या वेळी पानटपरीपर्यंत जाणं अवघड असतं. बाराशेवर गाडी अडते. तेव्हा बाप शेवटचं अस्त्र काढतो. "मग असं करतो अण्णा, स्टँड, कॅरिअर, मडगार्ड, बास्केट, सगळं काढून घेतो. नुसती सायकल घ्या."

अण्णा मागे वळून मिस्त्रीला हाक मारतात, "अरे, पाना घेऊन ये. यांचं सामान काढून दे." आणि बापाकडे बघून अगदी मऊ आवाजात म्हणतात, "काढायची मजुरी अडीचशे पडंल बरं का."