शाईतलं तूप

ई-रीडर घेतलाय असं सांगितलं की माणसं आधी वासाचं विचारतात. केवढ्याला पडला हे नाही, मराठी पुस्तकं मिळतात का हेही नाही. "पण पुस्तकाचा वास?" आणि चेहरा असा करतात, जसं काही मी सासऱ्यांची शेती बिल्डरला देऊन आले. विचारणाऱ्यांतले निम्मे लोक वर्षाकाठी एक दिवाळी अंक वाचतात, तोही आमच्याकडून नेलेला. त्यांना वास कुठून आठवतो कोण जाणे.

कोऱ्या पुस्तकाचा वास मलाही आवडतो. शाळेत जूनमध्ये बालभारतीचे गठ्ठे सुटायचे तेव्हा मुलांच्या आधी मीच नाक खुपसायचे. पण आमच्या घरातल्या कपाटांचं खरं सांगायचं तर त्यांना वास येतो डांबरगोळ्यांचा, आणि पाऊस लांबला की बुरशीचा. त्यात आम्ही नाशिकच्या द्वारकेला राहतो, म्हणजे मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता दोन्ही उशाशी. वर उड्डाणपूल, खाली चौक. वरून जाणाऱ्यांना खालच्यांचं सोयरसुतक नाही आणि खालचे जागचे हलत नाहीत. त्या न हलणाऱ्यांचा धूर आणि धूळ खिडक्या लावून घेतल्या तरी आत येते आणि पुस्तकांच्या माथ्यावर काळी साय धरते. फडक्याने एक कप्पा पुसला की शिंकांनीच दमायला होतं. वासाचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा तरी पुसायला यावं.

आणि कागदाचा हा लळा तरी कुठे अनादिकालापासूनचा आहे? गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८४१ साली मराठी पंचांग छापलं, तेव्हा छापील कागदाला हात लावायला कितीतरी भटजी तयार नव्हते. पोथी म्हणजे बोरूने लिहिलेली, सुटी पानं, वर लाल रुमाल. हे छापील काहीतरी म्हणजे बाटवाबाटवी. शाईत चरबी असते अशी शंका. मग गणपत कृष्णाजींनी चरबीऐवजी शाईत तूप घातलं, असं सांगतात. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली 'मुंबईचे वर्णन' लिहिलं, त्यातही छापील कागदाला बिचकणाऱ्यांची नोंद आहे. म्हणजे पंचांग येऊन वीस वर्षं होऊन गेली तरी धास्ती गेली नव्हती. आणि गंमत अशी की, आमचं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे सावाना, १८४० सालचं. इथे वाचनालय उघडलेलं आणि तिकडे छापलेल्याला शिवायचं की नाही याचा खल चाललेला. आज जे छापील पुस्तक छातीशी धरून मला वासाचं विचारतात, त्यांच्या खापरपणजोबांनी बोरूच्या शाईचा वास आठवून असेच उसासे टाकले असतील. हल्ली कोणी वासाचं काढलं की मी तुपाचं सांगते. पुढचा प्रश्न येत नाही.

यंत्र मुलाने पुण्याहून आणलं. माझी मागणी नव्हती. त्याला आमच्या घरात झोपायला जागा होत नाही, कारण त्याच्या खोलीतही माझी पुस्तकं, हे त्यामागचं खरं कारण. पहिलं पुस्तक मी फुकटातलं घेतलं, 'श्यामची आई'. साने गुरुजी गेले १९५० मध्ये. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे ते आता सगळ्यांचं. नाशिकरोडला बहिणीकडे जाताना सिटीलिंकच्या बसमध्ये ते उघडलं. हे पुस्तक लिहिलं गेलं तेही इथेच, नाशिकच्या तुरुंगात, १९३३च्या फेब्रुवारीत, अवघ्या पाच दिवसांत. आमच्या चौकातून बस बाहेर पडायला लागणारा वेळ बघता, मनात आणलं तर इथेही माणूस एखादं प्रकरण लिहून काढेल. वाचून मात्र नक्की होतं. एक अडचण तेवढी आली. छापील 'श्यामची आई' मोठी असते, रडू आलं तर तोंडासमोर धरता येते. हे तळहाताएवढं यंत्र. नाकापर्यंत झाकतं, डोळे उघडेच. शेजारच्या बाईंनी काही न बोलता पाण्याची बाटली पुढे केली.

बसच्या खिडकीत ऊन आलं की फोनवर आपलाच चेहरा दिसतो. याच्यावर अक्षरं उलट जास्त ठसठशीत होतात. मुलाने समजावलं ते असं: आत केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात, लाखांनी. प्रत्येकीत एक स्वच्छ द्रव आणि त्यात तरंगणारे पांढरे आणि काळे कण, एकमेकांच्या उलट विद्युतभाराचे. वीज दिली की काळे वर येतात किंवा पांढरे. पान उलटताना काय ती वीज लागते; एकदा कण बसले की बसले. म्हणून तर एकदा चार्ज केलेलं आठवडेच्या आठवडे चालतं. थोडक्यात पडदा वगैरे काही नाही, खरोखरची शाईच आहे, फक्त ती सारखी जागा बदलते. मला हे पटलं. बत्तीस वर्षं फळ्यावर लिहून पुसण्यात गेली, त्यात काही नवं वाटलं नाही.

पानांचे आकडे मात्र नाहीत, टक्के आहेत. भिशीत कोणीतरी विचारलं, "ते पुस्तक किती झालं?" मी म्हटलं, "बेचाळीस टक्के." सगळ्याजणी जरा गप्प झाल्या. मास्तरीण आणि बेचाळीस टक्के! शिवाय 'या प्रकरणाला अजून एवढी मिनिटं' असंही ते सांगतं, माझ्या वेगावरून हिशेब करून. दुपारी जेवणानंतर डोळा लागला आणि हातात तसंच उघडं राहिलं, की उठल्यावर मिनिटं वाढलेली असतात. इतक्या सभ्य शब्दांत मला आजवर कोणी झोपाळू म्हटलं नव्हतं.

पण खरी उलथापालथ वेगळीच झाली. आजवर मी स्वतःला एक वाचक समजत होते. यंत्र आलं आणि कळलं की आम्ही दोघी आहोत. एक वाचणारी आणि एक पुस्तकं असलेली. वाचणारी एकदम खूश. अक्षर मोठं होतं, मनगट दुखत नाही, रात्री दिव्यावरून यांच्याशी वाद नाही. पुस्तकं असलेली मात्र रुसून बसली. तिला काय आवडायचं? पाहुणे हॉलमध्ये बसलेत, ती आत चहा टाकतेय, आणि ते मान वाकडी करून कपाटातल्या पुस्तकांची नावं वाचताहेत. "बाप रे, सगळी वाचलीत?" या प्रश्नाला 'हो' नाही आणि 'नाही' नाही, फक्त जरा हसायचं, ही तिची आयुष्यभराची कमाई. यंत्र टीपॉयवर ठेवलं तर पाहुण्यांना तो बिघडलेला टॅब वाटतो. उलट वाचणारीला याचाच फायदा. शिक्षक-खोलीत रहस्यकथा वाचायची तर तिला वर्तमानपत्राचं कव्हर घालावं लागे. आता समोरच्याला काय कळतंय? मी गंभीर चेहऱ्याने बसले की उपनिषदं चालली असतील असंच लोक धरून चालतात.

देण्याघेण्याचं दुःख मात्र दोघींना सारखं. आमचं गाव पुस्तकं फिरवणाऱ्यांचं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानडे यांनी २००९ मध्ये इथून 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. पुस्तकांच्या पेट्या भरायच्या, वाचकांच्या एकेका गटाला द्यायच्या, त्यांचं वाचून झालं की आपसात अदलाबदल. त्या पेट्या पार दुबईपर्यंत गेल्या. आमच्या द्वारकेवरून आग्रा रस्त्याला लागलं की ओझरच्या अलीकडे दहाव्या मैलावर एका आजींचं हॉटेल आहे, तिथे मिसळ यायच्या आधी हाताशी पुस्तक असतं. आणि हे यंत्रातलं पुस्तक? शेजारणीने मागितलं तर द्यायचं कसं? सगळं यंत्र द्यायला हवं, म्हणजे माझी सगळी कपाटं एकदम तिच्या घरी. नाशिकमध्ये पेट्या लोकांच्या दारी जायला लागल्या त्याच २००९ सालच्या जुलैत तिकडे अमेरिकेत उलटं झालं. ॲमेझॉनने लोकांच्या किंडलमधली जॉर्ज ऑरवेलची पुस्तकं परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणे. पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली. पण काढायचं पुस्तक कोणतं, तर '१९८४'! आमच्याकडून पुस्तकं नेऊन परत न देणारे नातेवाईक मला त्या दिवसापासून बरे वाटायला लागले. ते निदान दारातून येऊन, चहा पिऊन नेतात.

वाचनालयाच्या पुस्तकातल्या पेन्सिलवाल्यांचीही आठवण येते. एक असायचे शुद्धलेखनवाले. पूर्ण कादंबरीभर ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून शेवटी 'सुमार' असा शेरा. दुसरे त्याहून दुष्ट, रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवणारे. यंत्रातही 'इतक्या जणांनी या ओळीखाली रेघ मारली' असं दिसतं, पण ते म्हणजे निवडणुकीचा निकाल वाचल्यासारखं. त्यात कोणाचं अक्षर नाही, कोणाचा राग नाही.

अक्षरावरून सांगायचं राहिलं. माझ्या यंत्रात 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. पाकळीचा ल आणि देठाचा श गिरवून घेण्यात माझी हयात गेली, आणि उतारवयात माझ्यासमोर दंड घेतलेला ल उभा! पहिले काही दिवस लाल पेन शोधायला हात जायचा.

आता सासूबाईंचं. त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षर लागत नाही. चातुर्मासात 'हरिविजय' वाचायचा नेम, छत्तीस अध्याय, श्रीधरस्वामींचा. मोठ्या अक्षराची पोथी आहे, पण ती पाटावर ठेवून वाकावं लागतं आणि कंबर ऐकत नाही. मुलाने ती पोथी यंत्रात घालून दिली, अक्षर बोराएवढं केलं. सासूबाईंनी हात लावला नाही. आधी चौकशी.

"हे कव्हर कशाचं?"

चामड्याचं होतं. ते निघालं. जुन्या खणाची पिशवी शिवून झाली.

"आणि शाई? शाईत काय घालतात?"

मी चाट पडले. १८४१ सालचा प्रश्न, जशाचा तसा, आमच्या तिसऱ्या मजल्यावर. मी कुप्यांचं सांगितलं, काळ्या-पांढऱ्या कणांचं सांगितलं, ते तरंगतात त्या द्रवापाशी अडखळले.

"म्हणजे तेलच ना? कसलं तेल?"

"खनिज तेलाच्या जातीचं असतं, आई."

त्यांनी जरा विचार केला. "म्हणजे रॉकेलच्या भावकीतलं. मग चालेल. रॉकेलच्या कंदिलावर मी पन्नास पोथ्या वाचल्यात."

एवढ्या झटपट धर्मनिर्णय आमच्या पंचवटीतही झाला नसता. गणपत कृष्णाजींना कोणीतरी हे सांगायला हवं होतं, बरंच तूप वाचलं असतं.

पहिल्या दिवशी त्यांनी यंत्राला नमस्कार केला आणि सवयीने तुळशीचं पान वाहिलं. पान ओलं होतं. त्याबरोबर एकदम पाच-सहा ओव्या पुढे गेल्या. "देवाला घाई दिसतेय," म्हणून त्यांनी पान उचललं, बोटाने मागे आल्या, पान पुसून यंत्राच्या कडेला ठेवलं. मागे कसं यायचं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मला ते यायला मुलाला दोनदा फोन करावा लागला होता. अक्षर एवढं मोठं की ओवी तीन-चारदा मोडते आणि शेवटचा आकडा दोन दंडांमध्ये एकटाच खालच्या ओळीत पडतो. सासूबाई तोही चालीत म्हणून टाकतात. कृष्णाने रातोरात द्वारका वसवली त्या भागापर्यंत त्या आल्या तेव्हा खाली चौकात ट्रकचे कर्णे चालू होते. वाचता वाचता चष्म्यावरून खिडकीकडे बघून म्हणाल्या, "त्याला एक रात्र लागली. यांना सिग्नल बसत नाही."

आषाढी एकादशीपासून यंत्र त्यांच्या खणाच्या पिशवीत आहे. पारायण सकाळचं, पण त्यानंतर ते 'उष्टं' होऊ नये म्हणून दिवसभर कोणी त्यावर दुसरं काही वाचायचं नाही, असा नवा नियम निघाला. आत माझी एक कादंबरी एकसष्ट टक्क्यांवर अडकली आहे. खुनी कोण ते कळलेलं नाही. परवा मी मुलाला फोनवर हळूच म्हटलं, अजून एक आणशील का रे दिवाळीला. सासूबाईंचं वय झालंय, पण कान शाबूत आहेत.

"दुसरं कशाला गं?" देवघरातून आवाज आला. "एवढी कपाटं भरून ठेवलीयेस, त्यातलं वाच की एखादं. सगळी वाचलीस का?"