गॅसबत्तीचे मानकरी

श्रमप्रतिष्ठा शिकावी ती हवाईच्या कोना किनाऱ्यावर. १९७०च्या दशकात केआउहोऊ उपसागराकाठच्या एका हॉटेलाने समुद्रावर दिव्यांचे झोत सोडले. उजेडाला प्लवक नावाचे सूक्ष्म जीव जमले, प्लवक खायला मांटा रे हे मासे आले. फुकट रोषणाई पाहून कुणाच्या तरी लक्षात आले, की हे काम माणसेही करू शकतील. शिवाय पैसे देऊन!

आता रोज रात्री सुशिक्षित मंडळी वेटसूट चढवून, दिवे बसवलेली फळी धरून पाण्यावर पालथी तरंगतात. खाली तीन-साडेतीन मीटर पंखांचे मांटा कोलांट्या घेत जेवतात. त्यांना हात लावायचा नाही. पोटावरच्या ठिपक्यांवरून प्रत्येक मांटाची ओळख पटते, प्रत्येकाला नावही असते. वरच्यांची फक्त डोकी मोजतात.

आपल्याकडे वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेणाऱ्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या उगाच मजुरी दिली. उलट त्याच्याकडूनच शंभरेक डॉलर घ्यायचे, ‘बरेवाईट झाल्यास वधुपक्ष जबाबदार नाही’ या कागदावर सही घ्यायची आणि नवरदेवाला स्पर्श न करण्याची सक्त ताकीद द्यायची. पालिकांनीही खांबांवर दिव्यांऐवजी पर्यटक टांगावेत. वीजबिल वाचेल, दिवाळीचे बुकिंग आषाढातच संपेल.

तिकडे कोनाला काही जणांना लाटांवर मळमळते. मग त्यांचे जेवणही पंगतीला वाढले जाते.

एखाद्या रात्री मांटा फिरकतच नाहीत. तेव्हा बरेच टूरवाले मोठ्या मनाने नुकसानभरपाई देतात: दुसऱ्या रात्री येऊन पुन्हा दिवा धरा, अगदी मोफत.