‘फॉल्ट’मधला आगंतुक ल

दोष, उणीव आणि चूक या तिन्हींचा भार इंग्रजीत एकट्याने वाहणारा ‘फॉल्ट’ हा शब्द स्वतःच एका जुन्या खाडाखोडीवर उभा आहे, आणि ती खाडाखोड अडाण्यांनी नव्हे तर विद्वानांनी केलेली असल्यामुळे तिला चूक म्हणण्याची प्रथा नाही. या शब्दाचे मूळ ‘फाल्लेरे’, म्हणजे फसवणे, दगा देणे, या लॅटिन क्रियापदात आहे. ‘फॉल्स’ आणि ‘फेल’ ही त्याच कुळातली भावंडे असल्याने, नापास होणारा मुलगा घरच्यांना फसवतो या पालकांच्या समजुतीला निदान व्युत्पत्तीचा, म्हणजे शब्दाच्या वंशावळीचा, आधार मिळतो. फ्रेंचमध्ये दग्याची जागा उणिवेने घेतली, आणि याच क्रियापदापासून तिथे ‘इल फो’, म्हणजे ‘पाहिजे’, हा प्रयोगही निघाला. जे उणे असते तेच माणसाला हवे असते, हे फ्रेंचांना व्याकरणातच उमगले असावे.

फ्रेंचांकडून इंग्रजीत आला तेव्हा या शब्दात एल हे अक्षर नव्हते. पुढे लॅटिनच्या प्रेमात पडलेल्या लेखकांनी कुळाची खूण म्हणून ते स्पेलिंगात बसवले, जसे ‘डेट’ आणि ‘डाउट’ यांत बी बसवले. मात्र तो बी अजूनही मुकाच आहे आणि एल हळूहळू बोलू लागला. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात हा एल कधी उच्चारतात, कधी नाही, आणि बोलण्यात तर बहुधा गाळतात, अशी नोंद आहे. १७७० मध्ये गोल्डस्मिथने ‘द डेझर्टेड व्हिलेज’ या कवितेत खेड्यातल्या कडक मास्तरांच्या कठोरपणाचा दोष त्यांच्या विद्याप्रेमावर ठेवला, आणि तसे करताना ‘फॉल्ट’चे यमक ‘ऑट’शी जुळवले, म्हणजे ज्या एलचा दोषही विद्याप्रेमाकडेच जातो, तो नेमका त्याच ओळीत गाळला.

भूगोलाच्या पुस्तकात हाच शब्द प्रस्तरभंग, म्हणजे खडकांचे थर तुटून सरकणे, या अर्थाने भेटतो. मराठी बोलण्यात मात्र त्याचा मुक्काम मुख्यतः विजेच्या तारांवर असून, इथे ल चा उच्चार कोणी गाळत नाही. चूक झाली की ‘कोणाची?’ असे विचारणारी माणसे, लाइनमनने ‘फॉल्ट आहे’ असे सांगताच ‘कुठे?’ एवढेच विचारतात आणि मेणबत्ती शोधायला लागतात.